मदत हवी आहे : जिमच्या सॉफ्टवेअरमध्ये वाढदिवसाच्या पार्टीचं बुकिंग नीट कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडला आमचं लहान मुलांचं जिम्नॅस्टिक्स सेंटर आहे. एकच हॉल, त्यात बीम, ट्रॅम्पोलीन आणि फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा). नवरा आणि मी चालवतो, हाताशी दोन कोच आहेत. फी, हजेरी, बॅचेस हे सगळं दोन वर्षांपासून एका जिम मॅनेजमेंट सॉफ्टवेअरवर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्याची की आमच्या सेटिंगची हेच अजून कळलेलं नाही.

यंदा पालक स्वतःहून विचारायला लागले की मुलांचा वाढदिवस इथेच करता येईल का. रविवारी सकाळी हॉल मोकळा असतो, म्हणून पॅकेज ठरवलं. वेळ ११ ते १, मुलं १२, आधी तासभर कोचबरोबर खेळ आणि अडथळ्यांची शर्यत, मग केक. खाणं पालकांनी आणायचं. एकूण ८,५०० रुपये, त्यातले ३,००० ॲडव्हान्स.

सॉफ्टवेअरमध्ये 'पार्टी' असा प्रकार काही सापडला नाही. मग नेहमीसारखा नवीन क्लास उघडला, रविवारची वेळ टाकली, क्षमता १६ ठेवली आणि ऑनलाइन बुकिंग सुरू केलं. दोन पार्ट्या छान झाल्या. तिसऱ्या रविवारी पावणेअकराला दोन कुटुंबं दारात उभी. दोघांकडे केकचा खोका, दोघांच्या मोबाइलवर आमच्याच नावाचा कन्फर्मेशन मेसेज. त्यातली एक मुलगी सहा वर्षांची, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. तिने एक बूट काढून रॅकवर ठेवला होता, दुसरा हातात धरून ती आईच्या तोंडाकडे बघत होती. तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. एका पार्टीला संध्याकाळची वेळ दिली, ॲडव्हान्स परत केला, दोन्ही घरी जाऊन माफी मागितली. पण हे पुन्हा होता कामा नये.

आणखी एक प्रकार हिशोब तपासताना सापडला. आमच्याच एका सभासद पालकांचं बुकिंग शून्य रुपयांत झालं होतं. मुलाच्या महिन्याच्या पासमधलं एक सत्र फक्त वजा झालं होतं. त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं म्हणून कळलं.

तर पार्टीसाठी नेमकं काय वापरायचं? पाहुण्या मुलांची संमतीपत्रं कशी घ्यायची? ती आमची सभासद नाहीत, आई-बाबा अनेकदा दारात सोडून निघून जातात. आणि जीएसटी नोंदणी आहे, तर ॲडव्हान्सची पावती कशी लावायची? कोणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा. पुढच्या महिन्याच्या चौकशा येऊन पडल्या आहेत, सध्या बुकिंग बंद ठेवलंय.

प्रतिसाद (पुणे, मुलांचं प्ले-सेंटर)

ताई, दोन्ही गोंधळांचं मूळ एकच आहे. क्लासमध्ये सॉफ्टवेअर जागा विकतं, म्हणजे एका मुलाची एक सीट. पहिल्या कुटुंबाने बुक केलं तेव्हा सॉफ्टवेअरच्या लेखी १६ पैकी १ सीट गेली आणि १५ उरल्या. दुसऱ्याला त्याने बिनदिक्कत दिली. पासचंही तसंच, क्लास म्हटल्यावर पास चालणारच. पार्टीत तुम्ही सीट विकत नाही, दोन तासांसाठी अख्खा हॉल विकता.

म्हणून तुमच्याकडे 'अपॉइंटमेंट', 'फॅसिलिटी' किंवा 'रिसोर्स' असं काही आहे का ते शोधा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यातलं एक तरी असतं. तिथे 'हॉल' नावाचा रिसोर्स तयार करायचा, क्षमता १, म्हणजे एका वेळी एकच बुकिंग. आणि हे विसरू नका : तुमचे रोजचे क्लासही त्याच रिसोर्सला जोडायचे. ते सुटलं तर सुट्टीची भरपाई बॅच रविवारी लावाल आणि ती पार्टीवर येऊन आदळेल. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

पार्टीच्या आधी ३० आणि नंतर ४५ मिनिटं 'बफर' ठेवा. फुगे लावायला वेळ लागतो आणि मॅटवर सांडलेलं क्रीम पुसायला त्याहून जास्त. बुकिंग किमान ७ दिवस आधी, हेही सेटिंगमध्येच टाका, नाहीतर शनिवारी रात्री कोणीतरी उद्याची पार्टी घेऊन ठेवेल. बुकिंगबरोबर कोचचाही वेळ अडला पाहिजे. आम्ही ६ मुलांमागे एक मोठं माणूस ठेवतो आणि फोम पिटजवळ एक कोच कायम उभा असतो.

किमतीत १२ मुलं धरा, तेराव्यापासून 'ॲड-ऑन' लावा, पण वरची मर्यादा घाला. २५ मुलं आली तर जास्तीच्या पैशाचा उपयोग नाही, ट्रॅम्पोलीन तेवढाच आहे. पार्टीच्या सेवेला 'पास चालणार नाही' ही खूणही तपासून घ्या.

प्रतिसाद (ठाणे, छोट्या व्यवसायांची हिशोबाची कामं)

पैशांचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही). तुम्ही पार्टी क्लास म्हणून विकलीत, म्हणजे तिला आपोआप क्लासचाच दर लागला असणार. पार्टी त्या सवलतीत बसते असं धरून चालू नका. तुमच्या सीएंना पॅकेज दाखवा, दर लेखी घ्या आणि पार्टीसाठी वेगळा टॅक्स कोड लावा. झालेल्या पार्ट्यांची बिलंही त्यांना दाखवा.

सेवेचा ॲडव्हान्स हातात आला की त्यावरचा कर तेव्हाच देय होतो. त्या ३,००० ची 'रिसीट व्हाउचर' (ॲडव्हान्सची पावती) निघाली पाहिजे आणि बिल न करता पैसे परत केलेत तर 'रिफंड व्हाउचर'. मोडतोडीसाठी परत करायचं डिपॉझिट घेणार असाल तर ते ॲडव्हान्समध्ये मिसळू नका. किमतीत वळतं करेपर्यंत ते सेवेचं मोल धरलं जात नाही, म्हणून त्याचं खातं वेगळं हवं.

प्रतिसाद (कोल्हापूर, जिम्नॅस्टिक्स कोच)

संमतीपत्राबद्दल कळकळीने सांगते. यजमान आईची एक सही सगळ्या पाहुण्या मुलांसाठी चालत नाही. तिला एक लिंक द्या, ती आमंत्रणाबरोबरच पुढे पाठवेल. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाचं नाव, वय, ॲलर्जी, जुनी दुखापत आणि स्वतःचा फोन भरायचा. दारात क्यूआर कोडही लावा, दोन-तीन जण राहिलेलेच असतात.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, तेव्हा लागेल तेवढीच माहिती मागा. त्या नंबरांवर परस्पर जाहिराती पाठवू नका. क्लासची माहिती हवी का, अशी चौकट वेगळी ठेवा आणि ती आधीपासून टिक केलेली नको. सगळी मुलं यजमानाच्या नंबरखाली नोंदवली जात नाहीत ना हेही पाहा. आमच्याकडे एका आईच्या नावावर १४ मुलं लागली होती. पडझड झाली तर फोन कोणाला करायचा हे त्या यादीवरून कळेना.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. 'फॅसिलिटी' नावाचा भाग सापडला, 'सेटिंग'मध्ये अगदी खाली होता. काल रात्री हॉल तयार केला, सगळ्या बॅचेस त्याला जोडल्या, बफर आणि ७ दिवसांची अट घातली. मग माझ्या फोनवरून एक रविवार बुक केला आणि नवऱ्याच्या फोनवरून तोच रविवार मागितला. 'वेळ उपलब्ध नाही' आलं. पासही नाकारला.

संमतीपत्राची लिंक आज करते. टॅक्स कोडसाठी सीएंकडे सोमवारी जातेय, त्यांचं उत्तर येईपर्यंत बुकिंग उघडत नाही.

एक अडलंय. कोच एकच गुंतवता येतोय, बुकिंगला दुसरा जोडायची सोय दिसत नाही. १२ मुलांना मला दोन हवेत. हे कोणी कसं सोडवलंय?

प्रतिसाद (पुणे, मुलांचं प्ले-सेंटर)

दुसऱ्या कोचच्या नावाने त्याच वेळेची 'पार्टी मदत' अशी शून्य रुपयांची अपॉइंटमेंट करा, ऑनलाइन दिसणार नाही अशी. पार्टी कन्फर्म झाली की हाताने टाकायची. पार्टी रद्द झाली तर तीही आठवणीने काढा, नाहीतर कोच रिकाम्या हॉलमध्ये येऊन बसेल.