मुलांना हिवाळ्यातील सणांच्या कोणत्या गोष्टी वाचून दाखवाव्यात?

अ-१०२ : सर्वांना नमस्कार. नाताळच्या सुट्टीत सोसायटीतील पहिली ते चौथीच्या मुलांना संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवायचे ठरले आहे. गोष्टी हिवाळ्याच्या आणि त्या दिवसांतल्या सणांच्या असाव्यात, असा विचार आहे. डॅनिश लेखक हान्स अँडरसनची काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट पहिल्याच दिवशी घ्यावी असे मला वाटते, कारण ती छोटी आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात घर करून राहिलेली आहे. आणखी काही सुचत असेल तर कृपया कळवावे.

क-५०३ : ताई, उपक्रम फार चांगला आहे, पण या गोष्टीचा कृपया पुन्हा विचार करावा. १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही गोष्ट वर्षाच्या शेवटच्या रात्री घडते. अनवाणी मुलगी ऊब मिळावी म्हणून एकेक काडी ओढते, तिला उबदार शेगडी, ताटातला भाजलेला हंस, ख्रिसमसचे झाड आणि शेवटी तिची वारलेली आजी दिसते, आणि सकाळी ती रस्त्यावर मृत सापडते. आजी तिला देवाघरी घेऊन गेली हा शेवट मोठ्यांना दिलासा देतो, परंतु ज्या सहा वर्षांच्या मुलाची आजी नुकतीच गेली आहे, त्याला तेच वाक्य भीती घालू शकते. मृत्यू मुलांपासून लपवावा असे मी म्हणत नाही. ही गोष्ट घरी, मुलाला जवळ घेऊन, त्याचे सगळे प्रश्न संपेपर्यंत वेळ देऊन वाचावी. वीस-पंचवीस मुलांच्या घोळक्यात, गोष्ट संपताच मुले पांगणार असतील, तेव्हा ती वाचू नये.

अँडरसनच्याच १८४४ मधील ‘फरचे झाड’ या कथेचेही तसेच आहे. नाव आणि चित्रे पाहून ती सणाची आनंदी गोष्ट वाटते, पण सण संपल्यावर नाताळसाठी सजवलेले ते झाड माळ्यावर पडून राहते आणि अखेरीस जाळले जाते. म्हणून माझी एकच विनंती आहे की, कोणतीही गोष्ट निवडताना तिचे शेवटचे पान आधी वाचावे आणि ते ऐकल्यावर मूल काय विचारेल याचे उत्तर आपल्याजवळ तयार आहे का, हे पाहावे.

अ-१०२ : हे पटले. मग सुरुवात कशाने करावी?

क-५०३ : पहिली-दुसरीसाठी युक्रेनमधील हातमोज्याची लोककथा घ्यावी. जंगलातून जाताना एका आजोबांचा हातमोजा बर्फात पडतो. त्यात आधी उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वलही येते. प्रत्येक प्राणी आत कोण आहे असे विचारतो आणि आतले सगळे आपापली नावे सांगतात, त्यामुळे तिसऱ्या प्राण्यापर्यंत मुले स्वतःच उत्तरे देऊ लागतात. ही गोष्ट शक्यतो वाचू नये, तोंडी सांगावी.

जरा मोठ्या मुलांसाठी माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे चेक आणि स्लोव्हाक प्रदेशातील ‘बारा महिने’. सावत्र आई आणि तिची मुलगी मिळून मारुश्काला भर जानेवारीत रानात व्हायोलेटची फुले आणायला पाठवतात, मग स्ट्रॉबेरी, मग सफरचंदे. डोंगरावर शेकोटीभोवती बारा महिने माणसांच्या रूपात बसलेले असतात. तिची नम्रता पाहून जानेवारी आपली काठी मार्चला देतो, पुढे जूनला आणि सप्टेंबरला, आणि त्या त्या वेळी बर्फ वितळून ते ते फूल-फळ उगवते. इथे एक काळजी घ्यावी लागते. ज्यांनी बर्फाचा हिवाळा पाहिलेला नाही, त्या मुलांना जानेवारीत फुले मिळण्यात काहीच नवल वाटत नाही. त्या प्रदेशात हिवाळ्यात सगळी जमीन बर्फाखाली असते आणि पाने-फुले काही काही राहत नाही, हे आधी दोन वाक्यांत सांगितले नाही, तर गोष्टीचा जीवच जातो.

ब-२०१ : पण या गोष्टीतही शेवटी सावत्र आई आणि तिची मुलगी बर्फात गोठून मरतात. मग आपण सांगितलेला नियम इथे लागू होत नाही का?

क-५०३ : काका, आपला प्रश्न योग्य आहे. फरक असा की, मुलाचे मन मारुश्काशी जोडलेले असते आणि ती सुखरूप घरी असते. उर्मटपणे वागलेल्या दोघी बर्फात गेल्या आणि परत आल्या नाहीत, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जाता येते. काडेपेटीच्या गोष्टीत मात्र ज्या मुलीचा हात धरून मूल चालत असते, तीच जाते.

ड-४०४ : माझी शंका वेगळी आहे. सांताक्लॉज खरा आहे का, हा प्रश्न नक्की निघणार. चौथीतल्यांना ठाऊक असते आणि पहिलीतल्यांचा पूर्ण विश्वास असतो.

क-५०३ : त्यासाठी संत निकोलसची आख्यायिका उत्तम आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे ते बिशप होते. एका गरीब पित्याच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, असे सांगतात. मूळ कथेत ते सोने मुलींच्या हुंड्यासाठी असते, परंतु लहान मुलांना घर गरीब होते एवढे पुरते. देणाऱ्याने नाव न सांगता दिले, हा तिचा गाभा आहे. त्यामुळे कोणाचा विश्वास मोडत नाही आणि आपल्याला खोटेही बोलावे लागत नाही.

ब-२०१ : सर्व गोष्टी एकाच धर्माच्या होऊ नयेत, असेही मला वाटते. ज्यू लोकांच्या हनुक्का सणाची गोष्ट घेता येईल. एका दिवसापुरते उरलेले तेल मंदिरात आठ दिवस जळत राहिले, ही कथा मुलांना सहज समजते. इराणमध्ये डिसेंबरमधील सर्वांत मोठ्या रात्री, यल्दाला, कुटुंबे एकत्र बसून जागतात आणि कविता वाचतात. तिथे कथा नाही, पण निवेदनात सांगण्यासारखे आहे.

क-५०३ : अवश्य घ्यावे. ‘हा सण मानणारे लोक अशी गोष्ट सांगतात’ या शब्दांनी सुरुवात केली की कोणत्याही घरच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. चौथीच्या मुलांना खरी घटनाही द्यावी. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबरनडॉर्फ गावच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीने प्रथम गायले गेले. शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे आणि चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही मागाहून जोडलेली दंतकथा आहे. ती सांगावी, पण दंतकथा म्हणूनच सांगावी.

अ-१०२ : सर्वांचे आभार. पहिल्या दिवशी हातमोजा, दुसऱ्या दिवशी बारा महिने, त्यानंतर संत निकोलस आणि हनुक्का, आणि शेवटी चौथीसाठी ‘सायलेंट नाइट’ असा क्रम ठेवते. काडेपेटीची गोष्ट आता वगळली आहे. हातमोज्याच्या गोष्टीसाठी सात प्राण्यांचे आवाज काढू शकणाऱ्या सदस्यांनी आज रात्रीपर्यंत नावे कळवावीत.

ब-२०१ : अस्वलाचा आवाज माझ्याकडे द्यावा.