आइस हॉकीचा थोर गोलरक्षक: झेप घेणारा, की ज्याला झेप घ्यावीच लागत नाही तो?

निळीरेष

माझा मुलगा सहा वर्षं गोलरक्षक म्हणून खेळतोय. टोरांटोजवळच्या एका गावात आम्ही राहतो. शनिवारी पहाटे सहाला रिंकवर पोचायचं, त्याच्या पायांना पॅड बांधून द्यायचे आणि मग काचेमागे उभं राहून तासभर जीव मुठीत धरायचा. या सहा वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. ते मांडतो, खोडून काढायचं असेल तर जरूर काढा.

थोर गोलरक्षकाचे बहुतेक सेव्ह, म्हणजे अडवलेले शॉट, आपल्या लक्षातही राहत नाहीत. पक येतो, छातीवर आदळतो, तो हातमोजा ठेवून झाकतो, पंच शिट्टी मारतात. बघणाऱ्याला वाटतं, शॉट सरळ त्याच्या अंगावरच मारला होता. तसं नसतं. शॉट सुटायच्या आधीच तो तिथे जाऊन उभा राहिलेला असतो.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, साधारण १७० ग्रॅमची टणक रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. एनएचएलमधला (ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) जोरदार शॉट ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे नऊ मीटरवरून मारला तर पाव सेकंदाच्या आत गोलात. त्यात समोर दोन्ही संघांचे चार-पाच जण धक्काबुक्की करत उभे, त्यामुळे पक सुटताना कित्येकदा दिसतही नाही. डोळ्यांनी पाहून मग हात हलवू म्हणणाऱ्याचं इथे भागत नाही.

मग भागतं कशावर? जागेवर. गोलरेषेवर उभं राहिलं तर मारणाऱ्याला चारही कोपरे मोकळे दिसतात. दोन-तीन फूट पुढे सरकलं तर तेच कोपरे आपल्या अंगाआड जातात. पण फार पुढे गेलं आणि त्याने आडवा पास दिला, तर मागचा अख्खा गोल उघडा. किती पुढे यायचं याचा हिशेब प्रत्येक क्षणी बदलतो. शिवाय अडवलेला पक कुठे जाऊ द्यायचा हेही त्यानेच ठरवायचं. पॅडवरून समोरच परतला तर दुसरा शॉट पहिल्यापेक्षा घातक असतो.

माझा आदर्श मार्टिन ब्रोडर. न्यू जर्सीकडून तीन स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद), कारकिर्दीत ६९१ विजय, १२५ शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. गोलामागे जाऊन तो पक इतका सफाईने खेळायचा की २००५ मध्ये लीगने गोलामागे समलंब चौकोन आखून गोलरक्षकांच्या पक खेळण्यावर मर्यादा घातली. लोक त्याला आजही ब्रोडरचा नियम म्हणतात.

बर्फगल्ली

साफ असहमत. मी नव्वदच्या दशकात बफलोला शिकायला होतो. तिथे मी डोमिनिक हाशेकला खेळताना पाहिलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

तुमच्या व्याख्येप्रमाणे हाशेक वाईट गोलरक्षक ठरतो. बर्फावर लोळायचा, पाठीवर पडून पाय वर करायचा, स्टिक सोडून देऊन त्याच मोकळ्या हाताने पक उचलायचा. कुठल्याही प्रशिक्षकाने मुलाला असं खेळताना पाहिलं तर बाजूला बसवेल. आणि या माणसाने सहा वेळा मोसमातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी घेतली, १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोनदा हार्ट ट्रॉफी घेतली. हार्ट ही सगळ्या लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूला मिळते. ती दोनदा मिळवणारा दुसरा गोलरक्षक नाही.

आणि नागानो! १९९८ चं ऑलिंपिक, उपांत्य सामना, चेक विरुद्ध कॅनडा, १-१ बरोबरी, मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर यायचं. कॅनडाचे पाच जण आले: फ्ल्यूरी, बुर्क, न्यूवेंडाइक, लिंड्रॉस, शॅनहन. पाचही परत पाठवले. सर्वकालीन महान मानल्या जाणाऱ्या ग्रेट्झ्कीला तर कॅनडाने पाठवलंच नाही, तो बाकावर बसून बघत होता. अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही, १-० ने सुवर्ण. त्या दिवसांत आमच्या होस्टेलवर मध्यरात्रीनंतर कोणी झोपत नव्हतं.

बसल्या जागी पक अंगावर घेणं हे कौशल्य आहे, मान्य. पण जागा चुकल्यावर, पास आडवा गेल्यावर, सगळं हातचं गेल्यावर जो अडवतो, त्याला थोर म्हणायचं. जागा तर सगळेच शिकतात.

आकडेमोड

निळीरेष, ब्रोडरबद्दल आदर आहे, पण ६९१ आणि १२५ हे आकडे एकट्या ब्रोडरचे नाहीत. त्याच्या पुढे स्कॉट स्टीव्हन्स आणि स्कॉट नीडरमायर हे बचावपटू होते आणि संघाची सगळी रचनाच बचावाची होती. शटआउट हा पाच जणांनी मिळून केलेला उद्योग आहे.

सेव्हची टक्केवारी बघा. कारकिर्दीत हाशेक ९२.२, ब्रोडर ९१.२. एका टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो. पण पहिल्या पसंतीचा गोलरक्षक मोसमात साधारण पावणेदोन हजार शॉट झेलतो, म्हणजे मोसमाला सतरा-अठरा गोलांचा फरक पडतो. एका गोलाने हरलेले सामने मोजा म्हणजे त्याचं वजन कळेल.

ही टक्केवारीही अपुरीच, कारण साठ फुटांवरचा सरळ शॉट आणि तोंडासमोरचा रिबाउंड (अडवून परत आलेल्या पकवरचा शॉट) ती एकाच मापाने मोजते. हल्ली प्रत्येक शॉटचं अंतर, कोन, तो रिबाउंड होता का, हे बघून सरासरी गोलरक्षकाने किती गोल खाल्ले असते याचा अंदाज काढतात आणि त्यातून त्याने प्रत्यक्ष खाल्लेले वजा करतात. उरतं ते त्याचं स्वतःचं. माझ्या लेखी थोर तो, ज्याचा हा आकडा वर्षानुवर्षं वर राहतो.

तिसरा_पीरियड

आकडेमोड, तुमच्या याच आकड्यांनी २०२५ मध्ये काय केलं? विनिपेगचा कॉनर हेलेबक. नियमित मोसमात सर्वांत भारी, व्हेझिना मिळाली, हार्टही मिळाली. आणि प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत सेंट लुईसमधल्या तिन्ही सामन्यांत त्याला मधेच बाहेर काढावं लागलं. तिन्ही! मी विनिपेगलाच राहतो. तो आठवडा आमच्या गल्लीत सुतकासारखा होता.

माझ्यासाठी गोलरक्षक एप्रिल ते जूनमध्ये ठरतो. १९९३ ला माँट्रियलने प्लेऑफमध्ये ओव्हरटाइमचे लागोपाठ दहा सामने जिंकले. ओव्हरटाइम म्हणजे पुढचा गोल खाल्ला की खेळ खलास. दहा वेळा त्या कड्यावर पॅट्रिक रुआ उभा राहिला (नाव रॉयसारखं लिहितात, पण उच्चार रुआ) आणि दहाही वेळा पाय घसरला नाही. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी तीनदा मिळवणारा तो एकटाच. हे तुमच्या वजाबाकीत कुठे बसतं?

आकडेमोड

बसतं, पण दहा सामन्यांवरून माणसाचा स्वभाव ठरवू नका. तोच हेलेबक त्याच फेरीचा सातवा सामना घरच्या मैदानावर जिंकला, तोही दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. तो कडा नव्हता का?

आणि हेन्रिक लुंडक्विस्टचं काय करायचं? ४५९ विजय, पण स्टॅन्ली कप एकही नाही. २०१४ च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क लॉस एंजेलिसकडून पाच सामन्यांत हरलं, त्यातले तीन ओव्हरटाइममध्ये. त्या तिन्ही सामन्यांत न्यूयॉर्कच्या फॉरवर्डनी एकेक गोल जास्त केला असता तर तुम्ही आज त्याची आरती ओवाळत असता. गोलरक्षक गोल अडवू शकतो, करू शकत नाही. कप त्याच्या खात्यावर मांडणं मला अन्याय वाटतो.

तिसरा_पीरियड

सातव्या सामन्याचं मान्य, तो घाव भरला. पण प्लेऑफ निव्वळ नशीब असेल तर रुआ १९८६, १९९३, १९९६, २००१ असा पुन्हा पुन्हा तिथे का सापडतो? दोन वेगळे संघ, पंधरा वर्षांचं अंतर.

एक गोष्ट कोणी बोललंच नाही, ती म्हणजे मन. डिसेंबर १९९५ मध्ये डेट्रॉइटने माँट्रियलला ११-१ ने चिरडलं. प्रशिक्षकाने नऊ गोल होईपर्यंत रुआला आत ठेवलं, स्वतःच्या प्रेक्षकांनी खिजवलं. बाहेर आल्यावर तो थेट संघाच्या अध्यक्षांजवळ गेला आणि हा माझा माँट्रियलमधला शेवटचा सामना म्हणाला. चार दिवसांत तो कोलोरॅडोला. आणि त्याच मोसमाच्या शेवटी त्याच्या हातात कप. दुसरा कोणी त्या रात्रीनंतर वर्षभर सावरला नसता.

जुना_वाचक

मनाचा विषय निघालाय तर ग्लेन हॉल आठवतो. मुखवटा न घालता सलग ५०२ सामने, १९५५ ते १९६२. आणि सामन्याआधी त्याला उलटी व्हायची, हेही सर्वश्रुत आहे. भीती न वाटणं हा थोरपणा असेल तर हॉल बाद होतो. पोटात गोळा येऊनही ५०२ वेळा बाहेर जाऊन उभं राहणं हे मला जास्त मोठं वाटतं.

जाक प्लांटचंही तसंच. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. अँडी बाथगेटचा शॉट तोंडावर बसला, टाके घातले, आणि मुखवटा घातल्याशिवाय बर्फावर येणार नाही म्हणून तो अडून बसला. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मुखवटा पसंत नव्हता, पण तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलरक्षकच नसायचा. माँट्रियल ३-१ ने जिंकलं. आज जगातला प्रत्येक गोलरक्षक त्याच्यामुळे तोंड झाकून खेळतो. निव्वळ सेव्ह मोजून हे कळणार नाही.

बर्फगल्ली

जुना_वाचक, प्रतिसाद फार आवडला.

संघ की गोलरक्षक यावर एक उदाहरण. २२ फेब्रुवारी २०२०, टोरांटो. कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि नियमाप्रमाणे राखीव बसलेला डेव्हिड एअर्स आत आला. वय ४२, टोरांटो संघाच्याच दुसऱ्या फळीच्या रिंकवर बर्फ सारखं करायचं यंत्र चालवलेला माणूस. पहिले दोन शॉट गोलात. मग उरलेले आठच्या आठ अडवले, आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकलं.

आकडेमोड

माझ्या बाजूचंच उदाहरण दिलंत. जवळजवळ एकोणतीस मिनिटांत त्याच्यावर फक्त दहा शॉट आले, कारण पुढचे पाच जण त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन आडवे पडत होते. एअर्सच्या हिमतीला सलाम. पण हा सामना बचावाची किंमत दाखवतो.

लेहची_थंडी

मी मूळची पुण्याची, नोकरीमुळे दोन हिवाळे लेहला काढले. तिथे उघड्यावरच्या नैसर्गिक बर्फावरचे सामने पाहिले. दुपारी ऊन डोळ्यांत, बर्फाला भेगा, पक सपाट येता येता मधेच उभा राहतो. तिथल्या गोलरक्षक मुली कोनाचा हिशेब चोख करायच्या आणि तरी पक शेवटच्या क्षणी दिशा बदलायचा. मग राहतो तो फक्त पाय, नाहीतर हात, जे जवळ असेल ते. निळीरेष यांचं शास्त्र गुळगुळीत बर्फावरचं आहे असं मला राहून राहून वाटतं.

निळीरेष

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. लेहची_थंडी, तुमचा मुद्दा मला बरोबर लागला. मुलाला मी कायम सांगत आलो की लोळू नकोस, उभा राहा, गुडघे वेळेवर टेक. परवा बर्फगल्ली यांचं वाचून त्याला नागानोचं शूटआउट दाखवलं. मला वाटलं तो उड्या बघेल. त्याने मात्र तीन वेळा मागे घेऊन तेच ते पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, याचं डोकं बघ. अंग कुठेही जाऊ दे, नजर पकवरून हलतच नाहीये."

मी वीस वर्षं ते चित्रण पाहतोय, पण माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी लोळणं बघत होतो. हाशेक पडायचा तो पक हरवला म्हणून नव्हे, पक कुठे जाणार हे कळलेलं असायचं म्हणून. म्हणजे तोही आधीच तिथे पोचलेलाच होता, पायांवर नसेल, पाठीवर असेल. एवढ्यापुरतं माझं मत मी बदलतो. ब्रोडरला मात्र सोडणार नाही. आकडेमोड, स्टीव्हन्स आणि नीडरमायर पहिला शॉट कमी करत असतील, पण रिबाउंड कुठे टाकायचा हे ब्रोडरच ठरवायचा.

बर्फगल्ली

पाठीवर का होईना, आलात ना आमच्या बाजूला! मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. १९९९ चे प्लेऑफही दाखवा त्याला. बफलो अंतिम फेरीपर्यंत गेलं ते कोणामुळे, ते त्यालाच सांगू दे.