मैत्रिणीनं लग्नासाठी ‘उजळ व्हायची ट्यूब’ मागवली आहे, काय करू?

रेवती_किगाली

मी सहा वर्षं रवांडात, किगालीला आहे. एका शाळेच्या हिशेब खात्यात काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचा डिसेंबरात ‘गुसाबा’ आहे. दोन्ही घरचे वडीलधारे समोरासमोर बसून शब्दांची कुस्ती खेळतात, मुलीला मागणी घालतात आणि गाई मुलाकडून मुलीकडे येतात. परवा चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली, “दिवाळीला घरी चाललीस ना? मला उजळ व्हायची ट्यूब आण. इथं मिळत नाही.”

मिळत नाही, कारण 2018 च्या अखेरीपासून सरकारनं बंदी कडक केली आणि दुकानादुकानांतून असली क्रीमं उचलली. लोक त्यांना ‘मुकोरोगो’ म्हणतात. तिच्या मोठ्या बहिणीचे हात मी जवळून पाहिलेत. चेहरा गव्हाळ, बोटांची पेरं मात्र काळीच राहिलेली.

होणारी नणंद म्हणाली म्हणे, “फोटोत तू दिसायला तर हवीस!” ज्या देशात 2008 पासून संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत तिथंही हे ऐकावं लागतं, याचा मला फार त्रास होतो. पण माझ्या बघण्याच्या वेळी आईनं महिनाभर मला साय आणि डाळीचं पीठ लावायला लावलं होतं. मी कोणत्या तोंडानं तिला उपदेश करू?

अनिकेत_नाशिक

ताई, आणू नका. माझं मेडिकल आहे, रोज बघतो. अशा बऱ्याच ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतं. डॉक्टर ते ठरावीक डागावर, थोडे आठवडे देतात. तोंडभर चोपडलं की सुरुवातीला छान वाटतं, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि थांबवलं की आग आग होते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळे डाग पडतात, ते जाता जात नाहीत. शिवाय बंदीचा माल तुमच्या बॅगेत सापडला तर?

सुनंदा_प्रिटोरिया

अनिकेत बरोबर सांगतोय, पण नुसती कातडीची भीती घालू नकोस. ऑगस्ट 2016 मध्ये आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत नैसर्गिक कुरळ्या केसांना आडकाठी करणाऱ्या नियमांविरुद्ध काळ्या मुली उभ्या राहिल्या. झुलेखा पटेल तेव्हा तेरा वर्षांची होती, तिचा भरगच्च आफ्रो सगळ्या जगानं पाहिला. वर्णभेदाच्या काळात इथं दक्षिण आफ्रिकेत केसांत पेन्सिल खोचायचे, ती अडकते की पडते यावर माणसाचा वंश ठरायचा. ज्यांनी हे सोसलं त्यांच्याच या नाती. माझ्या शेजारच्या मुलीनं त्याच महिन्यात केस सरळ करणं सोडलं. तुझ्या मैत्रिणीला आधी विचार, नवऱ्या मुलाचं काय म्हणणं आहे?

रेवती_किगाली

विचारलं. त्याला यातलं काहीच माहीत नाही. ट्यूब आणणार नाही हे मी सांगितलं, साय-पिठाचंही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग फोनमध्ये आजीचा जुना फोटो काढून दाखवला. डोक्यावर ‘अमासुंझू’, म्हणजे कडेनं केस कापून मधे चंद्रकोरीसारखे उभे ठेवलेले. लग्नाच्या वयाच्या मुली तसे केस राखत. ती म्हणाली, “बेल्जियमच्या लोकांनी आमच्या आजोबांची नाकं मोजली, ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ही जमात लिहिली. पुढे 1994 च्या नरसंहारात त्याच ओळखपत्रांवरून माणसं मारली गेली. आता चेहरे आम्हीच मोजतोय.” यावर मला बोलता आलं नाही, तिचा हात धरून बसले.

नणंदेशी ती अजून बोललेली नाही, ते अवघड आहे. शनिवारी आम्ही किमिरोन्कोच्या बाजारात मुशाननाचं, म्हणजे इथल्या बायकांच्या समारंभाच्या पोशाखाचं, कापड बघायला जातोय. आधी फिकट गुलाबी म्हणत होती, त्यात रंग उजळ दिसतो म्हणून. काल म्हणाली, हळदीसारखा पिवळा बघू.