'टेस्ट व्हेइकल'ला मराठीत काय म्हणायचं?

गिरगावकर: अमेरिकेच्या एक्स-३७बी ला (माणसाविना उडणारं लष्करी अंतराळयान, अधिकृत नाव 'ऑर्बिटल टेस्ट व्हेइकल') बातम्यांत कुणी 'चाचणी यान' लिहितं, कुणी 'प्रायोगिक यान'. एकच का दोन्ही?

पार्लेकर: चाचणी यान वाचलं की वाटतं यानाचीच चाचणी चाललीय, आज ना उद्या संपेल. पण हे २०१० पासून उडतंय, सहावी फेरी ९०८ दिवस चालली आणि नोव्हेंबर २०२२ ला उतरलं, आता एवढं झाल्यावर त्याची स्वतःची कसली चाचणी राहिलीय? नावातलं टेस्ट आत नेलेल्या सामानाचं आहे, आणि ते सामान काय हे बरंचसं सांगतच नाहीत. इस्रोच्या टीव्ही-डी१ उड्डाणातही (टीव्ही म्हणजे टेस्ट व्हेइकल, २१ ऑक्टो. २०२३) रॉकेट नुसतं वाहन, तपासायची होती ती गगनयानातल्या माणसांना वाचवायची यंत्रणा. मी 'चाचणीवाहू यान' म्हणेन. जड आहे, माहितीय.

माहीमकर: कसोटी का नको मग? क्रिकेटच्या टेस्टला तेच म्हणतो की आपण.

पार्लेकर: कसोटी दोन टीमची असते हो. तशी इथे दुसरी टीम आहे म्हणा! चीनही आपल्या यानाला 'पुन्हा वापरता येणारं प्रायोगिक अंतराळयान' एवढंच म्हणतो, दुसऱ्या खेपेला ते २७६ दिवस वर होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तर चीनचं १४ ला गेलं आणि अमेरिकेचं २८ ला. दोघंही म्हणणार टेस्ट आहे आणि दोघांनाही समोरच्याच्या टेस्टवर डाउट.

दादरवाली: तुम्ही 'प्रयोग' सोडताय. मराठीत प्रयोग नाटकाचाही असतो, म्हणजे प्रेक्षक आलेच. मिशन शक्तीची (२७ मार्च २०१९) बातमी 'चाचणी' म्हणून आली, पण पंतप्रधानांनी स्वतः टीव्हीवर येऊन सांगितलं की आपण उपग्रह पाडला, तो माझ्या मते प्रयोग, हाउसफुल्ल. १९७५ च्या अपोलो-सोयूझचंही (अमेरिकन आणि सोव्हिएत यानं अंतराळात जोडली ती मोहीम) तेच, अमेरिकन नावात चक्क टेस्ट, रशियन नावात 'प्रायोगिक उड्डाण', आणि जगाने बघितलं ते अंतराळातलं शेकहॅंड. एक्स-३७बी ला मात्र चाचणीच म्हणा, प्रेक्षक नकोच आहेत त्यांना.

माहीमकर: मग सोव्हिएतांचं बोर-४, ते माणसाविना उडवलेलं छोटं प्रायोगिक यान? त्यांनी टेस्टही नाही म्हटलं, नुसतं 'कॉसमॉस' आणि पुढे नंबर. ते हिंदी महासागरातून उचलून नेताना ऑस्ट्रेलियन विमानाने फोटो काढले. नको असलेला प्रेक्षक धरायचा का? :)

दादरवाली: तो फुकट्या पास!

गिरगावकर: बरं, मी 'चाचणी यान' ठेवतो, आणि 'म्हणे' जोडतो.