'प्रमाणीकरण': फोनवरचं आणि कागदावरचं

पाटीपेन्सिल: ब्राउझरमधून आवाज रेकॉर्ड करून अपलोड करण्याच्या सोयीबद्दल एक टिपण मराठीत आणतेय. ही सोय देणारा ब्राउझरचा भाग, मीडियारेकॉर्डर, फायरफॉक्समध्ये २०१३ ला आला, क्रोममध्ये २०१६ ला, सफारीत यायला २०२१ उजाडलं. त्यातही एकाची फाइल वेबएम, दुसऱ्याची ऑग, तिसऱ्याची एमपी४. हे एका मापात बसवायचं डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) काम अजून मसुद्यावरच आहे. या स्टँडर्डायझेशनसाठी मी लिहिलं, 'ध्वनिमुद्रणाचे प्रमाणीकरण'. भाचा म्हणाला, "म्हणजे आवाज तुझाच आहे का ते तपासणार?" त्याला फोनवर 'प्रमाणीकरण अयशस्वी' वाचायची सवय. आता काय लिहू?

दौतटाक: प्रमाणभाषा, प्रमाणवेळ शाळेपासून म्हणतोय. ऑथेंटिकेशनला हा शब्द लावणाऱ्यांनी घोळ घातला. त्याला 'ओळख पटवणे' होतंच की.

सांडगेमिरची: मानकीकरण लिहा आणि मोकळ्या व्हा.

दौतटाक: ते हिंदी.

सांडगेमिरची: 'मानक' हिंदी आणि 'प्रमाण' काय कोल्हापूरचं? दोन्हीत तोच 'मा' धातू, मोजणे.

तर्कटी: न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. खरं-खोटं ठरवायचं साधन ते प्रमाण. म्हणजे फोनवालेच मूळ अर्थाच्या जवळ. 'बाबा वाक्यं प्रमाणम्' मध्ये कुठली प्रमाणवेळ आलीय?

गिरणगावकर: मला 'ध्वनिमुद्रण' खटकतं. आम्ही आवाज 'भरायचो'. दुकानात यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळायची. आखातातल्या काकांना पाठवायला वडिलांनी घरातल्या सगळ्यांचे आवाज भरले होते, मागे कुकरच्या शिट्ट्या. बटणावर सरळ 'आवाज भरा' लिहा.

सांडगेमिरची: फॉर्म भरा, पैसे भरा, आता आवाज भरा. रांग कुठे लावायची?

दौतटाक: 'मुद्रण' वाईट नाही हो. मुद्रा म्हणजे ठसा. तबकडीच्या खाचेत आवाजाचा ठसाच उमटायचा.

पाटीपेन्सिल: बटणावर 'रेकॉर्ड करा' आहे आणि ते कुणालाच खटकत नाही. माझा प्रश्न स्टँडर्डायझेशनचा होता.

वऱ्हाडी ठेचा: अन् अपलोडले काय लिहिलं? आम्ही 'चढवला' म्हणतो. "फोटो चढवला" म्हटलं त आजीनं इचारलं, "भिंतीवर? कोण गेलं?"

तर्कटी: 'वर टाका' चालेल.

दौतटाक: वर कुठे? माळ्यावर?

पाटीपेन्सिल: भाच्याने शब्दच उडवला: 'सगळ्या ब्राउझरांनी आवाज एकाच पद्धतीने रेकॉर्ड करावा, यासाठी नियम ठरत आहेत.' सध्या हेच ठेवतेय.

दौतटाक: आणि शीर्षकात? तिथे नाम लागतं.

गिरणगावकर: माळ्यावरून आठवलं. ती कॅसेट सापडली, फीत थोडी गुंतलीय. ठाण्यात कुणाकडे चालू डेक आहे का?