मदत हवी आहे: डिस्नी बंद केलं, पण सिंक्लेअरचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, मी सिएटलला असते. 17 सप्टेंबर 2025 ला एफसीसी या अमेरिकेतल्या प्रसारण नियामक संस्थेचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार जिमी किमेल याच्यावरून जाहीर दम भरला आणि त्याच दिवशी डिस्नीच्या मालकीच्या एबीसी नेटवर्कने त्याचा कार्यक्रम थांबवला. आमच्या लेकीने तिरीमिरीत डिस्नी प्लस रद्द करून टाकलं. (धाकटा ‘ब्लुई’साठी दोन दिवस रुसून बसला, ते वेगळंच.)

23 तारखेला किमेल परत आला, पण आमच्याकडे नाही! कारण इथलं एबीसीचं स्टेशन कोमो हे सिंक्लेअरच्या मालकीचं. सिंक्लेअर आणि नेक्स्टार या, ठिकठिकाणची स्थानिक टीव्ही स्टेशनं चालवणाऱ्या कंपन्यांनी 26 पर्यंत कार्यक्रम अडवूनच धरला होता. एफसीसीचं प्रसारणाचं लायसन्स नेटवर्कला नसतं, स्टेशनला असतं, हे मला तेव्हा कळलं. शिवाय नेक्स्टारला टेग्ना ही स्टेशनांचीच दुसरी कंपनी 6.2 अब्ज डॉलरला घ्यायची होती आणि त्यासाठी मंजुरी याच एफसीसीची! म्हणजे दबाव कुठून येतो, ते उघडच आहे.

आता माझी अडचण. डिस्नीला महिन्याचे पैसे जातात, ते थांबवता येतात. सिंक्लेअरला मी थेट एक सेंटही देत नाही, मग बहिष्कार घालायचा कशावर? स्थानिक जाहिरातदारांना कुणी पत्रं लिहिली आहेत का? केबलच्या बिलातून स्टेशनांना पैसे जातात म्हणे. ती केबल तोडून अँटेना लावलेलं कुणी आहे का? आणि लायसन्सच्या नूतनीकरणावर, जे आठ वर्षांनी होतं, सामान्य माणसाने आक्षेप कसा नोंदवायचा?

अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.