मदत हवी आहे: अंदमानात स्कूटर भाड्याने घ्यावी का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नागपूरहून आम्ही चौघे अंदमानला निघालोय: मी, हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, तीन दिवस मुक्काम आहे. तिथे दोन स्कूटर घ्याव्यात असं यांचं म्हणणं. माझा जीव काही धजत नाही.

गाडी मला येते, वर्धा रोडवर रोजच चालवते. पण जेट्टीपासून राधानगर किनारा बारा-एक किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, मध्ये झाडी. त्यात तिकडे डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. सूर्यास्त बघून परतायचं म्हणजे अंधारातच, आणि मागे सासूबाई. नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो. काळापथ्थर किनारा जवळ आहे, तिथे सकाळी स्कूटरने जायला माझी ना नाही.

भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे अंक असतात, हे मला ठाऊक आहे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी घेतली आणि अपघात झाला तर विमा अडकू शकतो, म्हणून ती नकोच. मुलाच्या मापाचं हेल्मेट तिथे मिळतं का? की इथूनच न्यावं?

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, राधानगरहून परतीला रिक्षा सहज मिळते का, की जाण्या-येण्याची आधीच ठरवावी लागते? सासूबाईंना घेऊन कुणी स्कूटरवर फिरलं असेल तर तुमचा अनुभव नक्की लिहा. तिकिटं झालीत, एवढंच ठरायचं राहिलंय.